निम्म्या भावाचं बायो-ऑइल आणि इतर प्रश्न : वाचकांना उत्तरं

यावेळी टपालात आणि व्हॉट्सअॅपवर बायो-ऑइलचेच प्रश्न जास्त आलेत, त्यामुळे बाकीचे सगळे पुढच्या अंकावर ढकललेत, रागावू नका.

प्रश्न : सर, अक्कलकोट रोड एमआयडीसीत आमचं सूत रंगवायचं युनिट आहे, बॉयलर फर्नेस ऑइलवर चालतो. एक जण सारखा येऊन सांगायलाय की तुराट्यांपासून काढलेलं बायो-ऑइल घ्या, किलोला फर्नेस ऑइलच्या निम्मा भाव लावतो, आहे त्याच टाकीत ओता, काही बदलायची गरज नाही. सॅम्पलची बाटली ठेवून गेलाय. काळं-तांबडं आहे, धुराचा वास येतो. यात असतं तरी काय, आणि घ्यावं का?
— एक कारखानदार, सोलापूर

उत्तर : आहे त्याच टाकीत ओतायचं नाही, हे आधी सांगतो, मग बाकीचं.

तुराट्या, लाकूड, टरफलं असलं काहीही बारीक करून, वाळवून, हवा लागू न देता एकदम ५०० अंशांच्या आसपास तापवलं की ते पेटत नाही, फुटतं. त्यातून निघणारी वाफ दोन सेकंदांच्या आत बाहेर ओढून लगेच गार केली की जो द्रव जमतो तो म्हणजे बायो-ऑइल. या प्रकाराला फास्ट पायरोलिसिस म्हणतात. चांगलं कोरडं लाकूड असेल तर १०० किलोमागे ६० ते ७५ किलो द्रव मिळतो, राहिलेला कोळसा आणि गॅस, आणि हा गॅस बहुतेक जण परत प्लांटच्याच भट्टीला वापरतात.

आता त्या बाटलीत काय आहे ते. सगळ्यात जास्त असतं ते पाणी, १५ ते ३० टक्के. ही नुसती लाकडातली ओल नव्हे, कडक वाळवलेला माल टाकला तरी रासायनिक क्रियेत नवीन पाणी तयार होतंच, त्यामुळे "आमचं ऑइल बिनपाण्याचं" असं कुणी म्हणालं तर त्याला चहा पाजून वाटेला लावा. मग लिग्निनचे मोठे तुकडे, म्हणजे लाकडाला कडकपणा देणारा जो भाग असतो त्याचे अर्धवट तुटलेले गठ्ठे, तेही साधारण १५ ते ३० टक्के. त्यानंतर आल्डिहाइडं १० ते २० टक्के, त्यात हायड्रॉक्सीअॅसिटाल्डिहाइड हा मुख्य गडी. आम्लं १० ते १५ टक्के, त्यात अॅसिटिक (व्हिनेगरमधलं) आणि फॉर्मिक. साखरेच्या जातीचे पदार्थ ५ ते १० टक्के, त्यात लेव्होग्लुकोसान. शिवाय थोडी फिनॉलं, फरफ्युरल, अॅसिटॉल, थोडं मिथेनॉल. नावं मोजत बसलो तर तीनशे-चारशेच्या वर जातात, अंक संपेल.

ही सगळी मंडळी वनस्पतीच्या तीन भागांतून येतात. हेमिसेल्युलोज आधी तुटतं, त्याच्यातून अॅसिटिक आम्ल आणि फरफ्युरल. सेल्युलोजमधून लेव्होग्लुकोसान आणि ती छोटी आल्डिहाइडं. लिग्निनमधून ग्वायाकॉल, सिरिंगॉल असली फिनॉलं आणि वर सांगितलेले गठ्ठे. आणि या तिघांतही एक गोष्ट समान आहे ती म्हणजे ऑक्सिजन. बायो-ऑइलमध्ये वजनाने ३५ ते ४० टक्के ऑक्सिजन असतो, पाणी धरलं तर त्याहून जास्त, आणि तुमच्या फर्नेस ऑइलमध्ये जेमतेम १ टक्का. मला विचाराल तर बायो-ऑइलबद्दल हा एकच आकडा लक्षात ठेवला तरी पुष्कळ झालं, कारण पुढच्या सगळ्या कटकटी इथूनच निघतात.

पहिली कटकट उष्णतेची. फर्नेस ऑइल किलोला ४० मेगाज्यूलच्या आसपास देतं, बायो-ऑइल १६ ते १९. आपण १७ धरू. म्हणजे एक किलो फर्नेस ऑइलचं काम करायला बायो-ऑइल सव्वादोन किलोपेक्षा जास्त लागणार, आणि भाव निम्मा असला तरी तुमचं इंधनाचं बिल वाढणारच, कमी होणार नाही! लिटरवर हिशोब केला तर जरा बरं दिसतं, कारण बायो-ऑइल जड असतं, लिटरला १.२ किलो, म्हणजे लिटरमागे २० मेगाज्यूल विरुद्ध फर्नेस ऑइलचे ३८. म्हणून भाव किलोचा की लिटरचा हे आधी विचारायचं, आणि त्यालाही थेट रुपयाला किती मेगाज्यूल देतोस ते विचारा, तोंड बघण्यासारखं होईल.

दुसरी, पीएच २ ते ३, म्हणजे चांगलंच आंबट. साध्या लोखंडाची टाकी, पाइप, पंप हळूहळू खाऊन टाकतं, अॅल्युमिनियमही टिकत नाही. स्टेनलेस ३०४ किंवा ३१६ लागतं, नाहीतर एचडीपीई (जाड, टणक प्लास्टिक). तिसरी, फर्नेस ऑइल बर्नरला पाठवायच्या आधी तुम्ही हीटरवर शंभर अंशांच्या आसपास नेता ना, त्याच हीटरमधून हे नेलं तर आत चिकट राळ होऊन नोझल बसतंय. आणि जुन्या तेलात ते मिसळत तर नाहीच, टाकीत दोन थर होणार, खाली हे आणि वर ते.

बाजू त्याचीही सांगायला पाहिजे. गंधक जवळपास नसतंच, त्यामुळे धुराड्यातून तो त्रास कमी. फिनलंडमध्ये योएन्सूला आणि नेदरलँड्समध्ये हेंगेलोला असं ऑइल काढणारे मोठे प्लांट उभे राहिले आणि त्यांचं ऑइल बॉयलरमध्ये जाळलंही गेलं, पण वेगळी टाकी, वेगळा बर्नर, सुरू-बंद करताना दुसरं इंधन, असं सगळं करून. आपल्याकडचा माणूस "काही बदलायची गरज नाही" म्हणतो तिथंच शंका घ्यायची.

आणखी एक, बाटलीतलं खरंच बायो-ऑइल आहे का तेही बघा. टायर नाहीतर प्लास्टिक वितळवून काढलेलं तेल पण काळंच दिसतं. एका ग्लासात पाणी घ्या, थेंब सोडा : बायो-ऑइल खाली जातं, थोडं विरघळतं, तपकिरी चिकट गाळ तळाला बसतो. टायरचं तेल वर तरंगतं. दुसऱ्या ग्लासात डिझेल, त्यात बायो-ऑइल मिसळत नाही, टायरचं मिसळून जातं. आणि चिमूटभर खायचा सोडा टाकला की बायो-ऑइलला फेस येतो, कारण आम्ल. (हे मोकळ्या हवेत करा, घरच्या ओट्यावर नको.) सगळं बरोबर निघालं तर त्याच्याकडे टेस्ट रिपोर्ट मागा. बर्नरसाठीच्या पायरोलिसिस इंधनाला एएसटीएम डी७५४४ असं स्टँडर्ड आहे, त्यात पाणी जास्तीत जास्त ३० टक्के आणि उष्णता कमीत कमी किलोला १५ मेगाज्यूल अशी अट आहे. रिपोर्ट नसेल तर बाटली परत द्या.

प्रश्न : आमच्याकडे डाळिंबाच्या छाटणीच्या काड्या, ज्वारीचा कडबा, शेंगांची टरफलं, उसाचं पाचट सगळं आहे. कशापासूनही काढलं तरी ऑइल सारखंच येतं का? गावात गट करून प्लांट टाकायचं चाललंय.
— एक शेतकरी, मंगळवेढा तालुका

उत्तर : नाही येत. आणि आधी एक, कडब्याचं नाव या यादीतून काढा. मालदांडीचा कडबा जनावराच्या तोंडातून काढून भट्टीत घालणार म्हणालात तर गट दुसऱ्याच दिवशी फुटेल, आणि उन्हाळ्यात पेंढीचा भाव बघितला तर कुठलंच ऑइल परवडत नाही.

रसायनाच्या बाजूनेही कडबा आणि पाचट अवघडच. यांच्यात राख जास्त, आणि राखेत पोटॅशियम. हे पोटॅशियम फार उपद्व्यापी आहे. सेल्युलोज तापलं की त्याचं सरळ लेव्होग्लुकोसान व्हायला पाहिजे, पण पोटॅशियम जवळ असलं की तीच साखरेची कडी मधेच फुटते आणि छोटी आल्डिहाइडं, आम्लं, पाणी आणि जास्तीचा कोळसा तयार होतो. म्हणजे ऑइल कमी, त्यात पाणी जास्त, आणि पाणी फार वाढलं की ऑइल पिंपातच फुटतं, वर पाण्याचा थर आणि खाली डांबर. लाकडाचं ऑइल एकजीव राहतं आणि गवताच्या जातीचं राहत नाही त्याचं मोठं कारण हेच.

यात गंमत बगॅसची, म्हणजे रस काढून उरलेल्या चोथ्याची आहे. ऊसच तो, पाचटही त्याच उसाचं, पण कारखान्यात रस काढताना मिलवर पाणी मारतात त्यात बरंच पोटॅशियम धुऊन जातं, म्हणून बगॅसचं ऑइल पाचटापेक्षा चांगलं निघतं. पण बगॅस तुम्हाला देणार कोण? कारखाने ते स्वतःच्या बॉयलरला घालून वीज विकतात, आणि मिलमधून निघतं तेव्हा त्यात निम्मं पाणीच असतं, पायरोलिसिसला १० टक्क्यांच्या आत पाहिजे, वाळवायचा खर्च वेगळा. पाचट किंवा सडं वापरायचीच असतील तर पावसात भिजू देणं हाच स्वस्तातला उपाय, पोटॅशियम आणि क्लोरिन दोन्ही उतरतं, पण आपल्याकडे पाऊस कधी पडणार ते विठ्ठलालाच माहीत.

राहिल्या तुराट्या, छाटणीच्या काड्या आणि टरफलं. तुराट्या आणि काड्या लाकडाच्या जातीच्या, त्यामुळे त्यातल्या त्यात बऱ्या, फक्त पानं झाडून घ्या, राख आणि नायट्रोजन पानांत जास्त असतो. शेंगांच्या टरफलांत लिग्निन जास्त, म्हणून त्यांच्या ऑइलमध्ये फिनॉलाच्या जातीचा माल जास्त येतो, आणि ज्याला फिनॉल-फॉर्माल्डिहाइड रेझिनमध्ये थोडं फिनॉल वाचवायचंय (प्लायवूडचा गोंद वगैरे) त्याला असं ऑइल बॉयलरवाल्यापेक्षा जास्त उपयोगाचं. गट करणार असाल तर एकच माल धरा. आज टरफलं, उद्या काड्या, परवा पाचट असं केलं तर प्रत्येक पिंपात वेगळंच काहीतरी निघणार आणि गिऱ्हाईक दुसऱ्यांदा येणार नाही. माल दोन-तीन मिलिमीटरच्या आत बारीक करायला ग्राइंडर लागतो, तुराट्यांनी त्याची पाती लवकर जातात, तो खर्च प्रोजेक्ट रिपोर्टमध्ये कुणी लिहीत नाही, तुम्ही लिहा.

प्रश्न : सर, मी एमएस्सीला आहे. तुराट्यांच्या बायो-ऑइलचं जीसी-एमएस (मिश्रणातले पदार्थ वेगळे करून ओळखणारी तपासणी) करून आणलं. रिपोर्टमध्ये ४७ पीक (आलेखातली टोकं) आहेत, एरिया टक्के सगळे मिळून १००. फिनॉलं सगळी धरून ४१ टक्के येतात. प्रोजेक्टमध्ये "ऑइलमध्ये ४१ टक्के फिनॉल आहे" असं लिहिलं तर चालेल ना? गाईड म्हणतात लिही.
— एक विद्यार्थिनी, सोलापूर

उत्तर : नको लिहूस. गाईडशी भांडूही नकोस, पण हे दाखव त्यांना.

जीसीमध्ये जे वाफ होऊन कॉलममधून पलीकडे पोचतं तेवढंच दिसतं. बायो-ऑइलचा असा भाग साधारण ४० टक्क्यांपर्यंतच असतो, कधी त्याहूनही कमी. पाणी तुझ्या रिपोर्टमध्ये नाही, बहुतेक सॉल्व्हंटच्या पीकबरोबर डिटेक्टर बंद होता तेव्हाच ते गेलं. लिग्निनचे गठ्ठे इंजेक्टरच्या लायनरमध्येच कोळसा होऊन बसले, लायनर उघडून बघ, काळा दिसेल. साखरेचे जोडगोळे पण तसेच. म्हणजे मशीनने जेवढं दिसलं तेवढ्यालाच शंभर धरलंय, तुझे ४१ टक्के हे दिसणाऱ्या भागातले आहेत, आणि तेही वजनाचे नाहीत, पीकच्या क्षेत्रफळाचे. प्रत्येक पदार्थाचा रिस्पॉन्स वेगळा असतो. फॉर्मिक आम्ल आणि हायड्रॉक्सीअॅसिटाल्डिहाइड फार कमी दिसतात, फिनॉलं छान उठून दिसतात, म्हणून सगळ्यांच्याच प्रोजेक्टमध्ये फिनॉल जास्त येतं!

शिवाय तू सॅम्पल कशात विरघळवलंस ते लिहिलं नाहीस. डायक्लोरोमिथेनने ओढून घेतलं असशील तर आम्लं आणि साखरा पाण्याच्या थरातच राहिल्या, मग तर फिनॉल वाढणारच. आणि लायब्ररी मॅच (मशीनमधल्या साठवलेल्या नावांशी जुळणी) ७० टक्के असलेली ती विचित्र नावं, तुराटीत कुठून आलं असलं काही, ती नावं सरळ "ओळख पटली नाही" म्हणून लिही.

मग करायचं काय? पाणी कार्ल फिशर टायट्रेशनने मोज. डीन-स्टार्कने करू नकोस, पाण्याबरोबर आम्लं आणि आल्डिहाइडं पण उडून येतात, आकडा फुगतो. लिग्निनचा भाग मोजायला तर काहीच लागत नाही, बर्फाच्या थंड पाण्यात ऑइल थेंब-थेंब टाकत जोरात ढवळ, तपकिरी पावडर खाली बसते, गाळ, धू, कमी तापमानाला वाळव, वजन कर, झालं. आम्लासाठी सोडियम हायड्रॉक्साइडचं टायट्रेशन, इंडिकेटर नको, रंगच काळा आहे, पीएच मीटर लाव. लेव्होग्लुकोसान एचपीएलसीवर (वाफ न करता द्रवातच पदार्थ वेगळे करणारं मशीन). आणि जीसीमध्ये चार-पाच मुख्य पदार्थांचं स्टँडर्ड आणून कॅलिब्रेशन करता आलं तर बघ, फरफ्युरल, ग्वायाकॉल, अॅसिटिक आम्ल महाग नाहीत. बेरीज १०० होणार नाही. ७०-७५ आली तरी ते तुझ्या आत्ताच्या १०० पेक्षा खरं आहे.

प्रश्न : गेल्या फेब्रुवारीत दोन पिंपं बायो-ऑइल घेतलं, शेडवर पत्रा आहे. दिवाळीला उघडलं तर वर पाणी आणि खाली काकवीसारखं घट्ट. विकणाऱ्याने भेसळ केली का? गरम करून सारखं होईल का?
— एक वाचक, बार्शी

उत्तर : भेसळ असेलच असं नाही. हे ऑइल पिंपात बसल्याबसल्या बदलत राहतं. आल्डिहाइडं आणि फिनॉलं एकमेकांना धरून मोठे रेणू करतात (बॅकेलाइट हे जुनं कडक प्लास्टिक ह्याच क्रियेने बनतं), आम्लं अल्कोहोलबरोबर एस्टर करतात, आणि या बहुतेक क्रियांत पाणी सुटतं. म्हणजे एकीकडे घट्टपणा वाढतो, दुसरीकडे पाणी, आणि एक दिवस दोघांचं जमेनासं होऊन थर पडतात. ऑइलमध्ये कोळशाची बारीक पूड राहिलेली असली तर हे आणखी लवकर होतं. प्रयोगशाळेत ८० अंशांना २४ तास ठेवून बघतात, ते साध्या तापमानाला साधारण वर्षभर ठेवल्यासारखं धरतात. आता आपल्याकडे एप्रिल-मे मध्ये बाहेरच ४२-४३ आणि पत्र्याखाली त्याहून जास्त, तर तुमच्या पिंपाचं वय कॅलेंडरपेक्षा पुढे गेलं असणार.

गरम केलं तर आणखी बिघडेल. ढवळून थोडा वेळ एकसारखं दिसेल, परत थर पडतील. वरचं पाणी ओढ्यात किंवा विहिरीजवळ ओतू नका, त्यात आम्लं आणि फिनॉलं आहेत. पुढच्या वेळी ताजं असतानाच १० टक्के मिथेनॉल किंवा इथेनॉल टाकून ठेवलं तर बरंच टिकतं. जुनं झाल्यावर टाकून तेवढा उपयोग नाही. इथेनॉल आपल्या जिल्ह्यात कारखान्यांच्या डिस्टिलरीत भरपूर बनतं पण एक्साइजचा परवाना लागतो, सरळ जाऊन कॅन भरून आणता येत नाही. त्यापेक्षा उन्हाळ्याच्या आधी संपेल एवढंच घ्या.

प्रश्न : आमच्या इथं वेड्या बाभळीच्या कोळसा भट्टीच्या धुराड्यातून जे तांबडं पाणी गळतं ते गोळा करून डाळिंबावर तेल्यासाठी फवारायला विकायलेत. हेच का ते बायो-ऑइल?
— एक बागायतदार, सांगोला

उत्तर : भाऊबंद आहे, पण तेच नाही. कोळसा भट्टी सावकाश तापते, तासन्‌तास, वाफ आतच रेंगाळत राहते आणि परत तुटते, त्यामुळे कोळसा जास्त आणि द्रव पातळ. त्यात ८०-९० टक्के पाणीच, थोडं अॅसिटिक आम्ल, मिथेनॉल, थोडी फिनॉलं, आणि तळाला डांबर. हे काही नवीन नाही, कर्नाटकातला भद्रावतीचा लोखंडाचा कारखाना १९२३ ला सुरू झाला तेव्हा कोळसा लाकडाचाच लागायचा आणि त्या लाकडाच्या वाफेतून मिथेनॉल, अॅसिटेट असला माल काढायची सोय तिथं केलेली होती. पूर्वी जगात अॅसिटिक आम्ल आणि मिथेनॉल बरंचसं असंच यायचं.

तेल्यावर चालतं का, तर तेल्या हा जिवाणूचा रोग आहे आणि बाटलीवर ना आम्लाचं प्रमाण लिहिलेलं ना फिनॉलाचं, अशा द्रवाचा डोस मी सांगणार नाही, विकणाऱ्यानेही सांगू नये. जास्त झालं तर पानं करपतील, फिनॉलं झाडालाही सोडत नाहीत. तुम्हाला तर केगावचं राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्र तासा-दीड तासावर आहे, बाटली घेऊन तिथं जा.

प्रश्न : बायो-ऑइलपासून पेट्रोल-डिझेल होत नाही का? आणि त्याचा वास हुरड्याच्या आगटीसारखा का येतो?
— एक वाचक, पंढरपूर

उत्तर : होतं, ऑक्सिजन काढला तर. हायड्रोजनच्या दाबाखाली, कोबाल्ट-मॉलिब्डेनमसारख्या कॅटलिस्टवर (क्रिया घडवून आणणारा पदार्थ), शंभर-दोनशे बार दाबाला, ऑक्सिजनचं पाणी करून बाहेर काढतात. पण सरळ तापवलं तर कॅटलिस्टवर कोळसा बसून तो मरतो, म्हणून आधी कमी तापमानाला आल्डिहाइडं शांत करून घ्यायची आणि मग पुढं, दोन टप्पे, भरपूर हायड्रोजन. दुसरी पद्धत वाफ गार व्हायच्या आधीच झिओलाइट नावाच्या दुसऱ्या कॅटलिस्टवरून नेण्याची, त्यात ऑक्सिजन जातो पण बरोबर कार्बनही जातो, हातात थोडंच उरतं. म्हणून रिफायनरीच्या अंगणात जमेल, एमआयडीसीच्या शेडमध्ये नाही.

वासाचं सोपं आहे, ग्वायाकॉल आणि सिरिंगॉल. लाकूडफाटा धुमसला की लिग्निनमधून हीच सुटतात. परदेशात मांसाला धुराची चव देणारा जो लिक्विड स्मोक मिळतो तोही पायरोलिसिसचाच माल, पण डांबर काढून, तपासून. पिंपातलं बायो-ऑइल कणसावर लावायचा विचार मात्र करू नका.

प्रश्न : सॅम्पल हाताळताना बोटं पिवळी पडली आणि वास दोन दिवस जात नाही. धोका आहे का?
— एक वाचक, चिंचोळी एमआयडीसी

उत्तर : रंग आल्डिहाइडांचा आहे, कातडीच्या प्रथिनांना धरून बसतो, साबणाने जाणार नाही, आठवड्यात आपोआप उतरेल. धोका डोळ्यांना आणि नाकाला जास्त, आत आम्ल आणि फॉर्माल्डिहाइड दोन्ही असतं. नायट्राइलचे हातमोजे, चष्मा, खिडकी उघडी. डोळ्यात गेलं तर पंधरा मिनिटं नळाखाली धरायचं आणि सरळ डॉक्टरकडे.